लूकच्या सातव्या अध्यायातली ती स्त्री मग्दालीया मरीया होती का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. उपवासकाळात मंडळीच्या महिला सभेत तुम्हाला लूकच्या शुभवर्तमानातला 7:36 ते 50 हा भाग घ्यायचा आहे. शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या घरी जेवण चाललंय, एक स्त्री आत येते, येशूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, त्यांचे मुके घेते आणि सुगंधी तेल लावते. तुमच्या आजी सांगायच्या की ही मग्दालीया मरीया. एका प्रवचनात तुम्ही ऐकलंत की ही बेथानीची मरीया, लाजराची बहीण. पाळकसाहेबांना विचारलंत तर ते म्हणाले, नावाचं काय एवढं, शिकवण महत्त्वाची. पण सभेतल्या बाया नाव विचारणारच. मग सांगायचं काय?

उत्तर आधीच देऊन टाकतो. लूकच्या या स्त्रीचं नाव आपल्याला माहीत नाही. ती मग्दालीया मरीया होती असं म्हणायला शास्त्रात आधार नाही. बेथानीच्या मरीयेबद्दल आधार आहे, पण तो बेथानीत घडलेल्या प्रसंगाला. लूकचा प्रसंग आणि तो प्रसंग एकच मानायचा की दोन, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

मी नवा करार शिकवतोय त्याला 31 वर्षं झाली. निम्मी वर्षं सेमिनरीत ग्रीक शिकवण्यात गेली, निम्मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या अभ्यासवर्गांत. दोन्हीकडे हा प्रश्न दरवर्षी येतो. नावाचं काय एवढं, हे मला पटत नाही. इथे एका चुकीच्या नावामुळे एका स्त्रीची जवळजवळ चौदाशे वर्षं बदनामी झाली आहे. तेव्हा शास्त्रात ज्या व्यक्तीचं नाव दिलेलं नाही तिला नाव देण्याचा हक्क आपल्याला कधी मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

कधीकधी तो हक्क नक्की मिळतो. गेथशेमाने बागेत येशूला धरलं तेव्हा जवळ उभ्या असलेल्यांपैकी एकाने तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला, असं मार्क सांगतो. कोणी, कोणाचा, ते सांगत नाही. योहानाच्या अठराव्या अध्यायात दोन्ही नावं सापडतात: वार करणारा शिमोन पेत्र आणि कान गेला तो मल्ख. रात्र तीच, जागा तीच, कान तोच, माणूसही मुख्य याजकाचाच. इथे नाव जोडायला हरकत नाही, कारण ते शास्त्रातूनच मिळालंय. उलट वधस्तंभावरच्या पश्चात्तापी चोराला दिस्मास म्हणतात किंवा बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, गास्पार, मेल्खियोर, बाल्थासार म्हणतात, ती नावं पुढच्या काळातली. ती भक्तीच्या परंपरेतून आली आहेत, चित्रांत, नाटकांत शोभतात, पण पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. असं एखादं नाव समोर आलं की मी विचारतो: हे नाव त्याच लेखकाने दुसरीकडे दिलंय का? दुसऱ्या लेखकाने तोच प्रसंग सांगताना दिलंय का? दोन्ही नसेल तर पहिल्यांदा कोणी दिलं, आणि का?

आता येशूला तेल लावण्याचे प्रसंग पाहू. चारही शुभवर्तमानांत एकेक आहे. मत्तय 26 आणि मार्क 14 यांतला प्रसंग बेथानीतला, कुष्ठरोगी शिमोनाच्या घरचा, वल्हांडण सण दोन दिवसांवर आला असतानाचा. स्त्री बेनाव आहे, तेल डोक्यावर ओतते. एवढ्या महागड्या तेलाची नासाडी कशाला, हे विकून गोरगरिबांना दिलं असतं, अशी कुरकुर होते. येशू तिची बाजू घेतो आणि हे तेल आपल्या उत्तरकार्याच्या तयारीचं आहे असं सांगतो. योहान 12 मध्येही बेथानी, वल्हांडणाआधी सहा दिवस. मार्था वाढतेय, लाजर पंगतीत आहे आणि मरीया तेल येशूच्या पायांना लावून केसांनी पुसते. कुरकुर करणारा यहूदा इस्कर्योत. लूकचा प्रसंग मात्र कितीतरी आधीचा, येशू गालीलात फिरत असतानाचा. यजमान परूशी. तेलाच्या किमतीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, उत्तरकार्याचा विषयच नाही. शिमोनाच्या मनातली तक्रार वेगळीच आहे: हा खरा संदेष्टा असता तर ही बाई कोण ते याला कळलं असतं. येशूचं उत्तरही वेगळं, दोन ऋणकऱ्यांचा दाखला. एकावर पाचशे दिनारांचं कर्ज, दुसऱ्यावर पन्नासांचं, दोघांनाही माफी. कोण जास्त प्रेम करील?

मार्क आणि योहान एकच प्रसंग सांगताहेत असं मी का म्हणतो, ते सांगतो. दोघेही बेथानी म्हणतात, दोघेही तीनशे दिनार हा आकडा देतात. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ती वर्षभराची कमाई झाली. त्याहून मोठा पुरावा एका शब्दाचा आहे. तेलाचं वर्णन करताना दोघेही मूळ ग्रीकमध्ये ‘नार्दोस पिस्तिके’ असे शब्द वापरतात. यातला ‘पिस्तिके’ हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आपल्या बायबलात तिथे ‘शुद्ध जटामांसी’ असं आहे. इतका दुर्मीळ शब्द दोघांकडे योगायोगाने येत नाही. लूक मात्र नुसतं सुगंधी तेल म्हणतो, कशाचं ते सांगत नाही.

जटामांसीचं नाव निघालंय तर थोडं थांबतो. ही वनस्पती आपल्या हिमालयातली, उंचावर वाढणारी. त्या काळी तिचा माल भडोच बंदरातून रोमन साम्राज्याकडे जहाजांनी जायचा. मी वर्गात आयुर्वेदिक दुकानातून आणलेली जटामांसीची मुळं हातोहात फिरवतो. केसाळ, तपकिरी, शेपटीसारखी दिसणारी मुळं, वास मातकट आणि उग्र. घर सुगंधाने भरून गेलं असं योहान लिहितो, ते वाक्य मुळं हातात धरल्यावर बायकांना आपोआप समजतं. तुम्हीही आणा. पण बेथानीचा प्रसंग शिकवाल तेव्हा, लूकचा नव्हे.

तेव्हा मत्तय आणि मार्क यांतली बेनाव स्त्री म्हणजे बेथानीची मरीया, असं योहानाच्या आधारावर म्हणता येतं. हे मल्खाच्या उदाहरणासारखंच आहे. डोकं की पाय, दोन दिवस की सहा दिवस, घर कोणाचं, हे फरक राहतात आणि ते मी वर्गात लपवत नाही. तरी पारडं एका बाजूला चांगलंच झुकतं.

लूकबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, मुळात एकच घटना, सांगता सांगता तिची दोन रूपं झाली, कारण यजमानाचं नाव दोन्हीकडे शिमोन आहे, अलाबास्त्र नावाच्या दगडाची कुपी दोन्हीकडे आहे आणि केसांनी पाय पुसणं लूक आणि योहान दोघांकडे आहे. मी दोन घटना मानतो. शिमोन हे नाव त्या काळी यहुदी पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारं होतं. नव्या करारातच नऊ शिमोन आहेत, त्यांतला एक येशूचा भाऊ आणि एक यहूदा इस्कर्योताचा बाप. सुगंधी तेल अलाबास्त्राच्या कुपीत ठेवायची रीतच होती. उरतात ते केस. त्याबाबत प्रामाणिकपणे एवढंच म्हणेन की एका प्रसंगाचा तपशील दुसऱ्याच्या सांगण्यात मिसळला असू शकतो. संत ऑगस्टिनचं मत तिसरंच होतं: मरीया एकच, पण तिने हे दोनदा केलं. म्हणजे तुमच्या कानावर आलेलं बेथानीच्या मरीयेचं मत नवीन नाही. ते मानणाऱ्याला मी चुकीचा ठरवणार नाही. पण एक अडचण त्यालाही सोडवावी लागते. लूक स्वतः दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया या बहिणींबद्दल लिहितो, मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकत होती असंही सांगतो, आणि तरी ही तीच बरं का, असं एका शब्दानेही सुचवत नाही.

आता आजींच्या मग्दालीयेकडे येऊ. ही ओळख कुठून आली असेल, हे तुम्हाला बायबल उघडल्यावर दिसेल. सातवा अध्याय त्या स्त्रीला ‘शांतीने जा’ असं सांगून संपतो आणि आठव्याच्या दुसऱ्याच वचनात मग्दालीया मरीया येते. पान तेच, नजर तीच, वाचणाऱ्याच्या मनात गाठ बसते. पण लूक तिथे काय करतो ते बारकाईने पाहा. तो तिची ओळख करून देतो: जिला मग्दालीया म्हणत ती मरीया, जिच्यातून सात भुतं निघाली होती. सोबत हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सुसान्ना. या स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. आत्ताच जिची एवढी मोठी गोष्ट सांगितली तिची अशी कोऱ्या पाटीवर ओळख कोणी करून देतं का? आपण गोष्ट सांगतो तेव्हा दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला ‘तोच तो’ म्हणतो. लूक तसं म्हणत नाही.

सात भुतांवरूनही लोक पापाचा अर्थ काढतात. तोही चूक आहे. शुभवर्तमानांत भूतबाधा झालेली माणसं दुखणाईत आहेत, येशू त्यांना बरं करतो. त्यांना तो पापी म्हणत नाही. मग्दालीयेला चारही शुभवर्तमानांत कुठेही, एकदाही पापी म्हटलेलं नाही. तिच्याबद्दल आपल्याला पक्कं माहीत आहे ते असं: ती गालील समुद्राच्या पश्चिम काठावरच्या मग्दाला गावची. बेथानी तिथून शंभराहून जास्त किलोमीटर दूर, यरुशलेमच्या अंगाला. ती वधस्तंभापाशी उभी राहिली, आणि पुनरुत्थित प्रभू योहानाच्या विसाव्या अध्यायात सर्वांत आधी तिला नावाने हाक मारतो.

मग हे नाव चिकटलं कसं? पोप ग्रेगरी पहिला 590 मध्ये पोप झाला. रोममध्ये प्लेग पसरला होता, आधीचे पोप त्यातच गेले होते. लोक मरणाच्या छायेत होते आणि त्यांना पश्चात्तापाकडे वळवणं हे त्याला आपलं काम वाटत होतं. पुढच्या वर्षीच्या सुमाराच्या एका प्रवचनात त्याने लूकची पापी स्त्री, योहानाची मरीया आणि सात भुतांची मरीया या एकच असल्याचं सांगितलं. सात भुतं म्हणजे सारे दुर्गुण, असा अर्थही लावला. हेतू चांगला होता. मोठ्यातल्या मोठ्या पाप्यालाही क्षमा मिळते हे दाखवायला त्याला एक ठसठशीत चेहरा हवा होता. पश्चिमेकडच्या चर्चने तो चेहरा धरून ठेवला. मोकळे केस, हातात कुपी, डोळ्यांत पाणी. आजींच्या मनातलं चित्र तिथून आलेलं आहे, मिशनऱ्यांच्या चित्रांतून, सिनेमांतून. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी या स्त्रिया वेगळ्याच ठेवल्या. तिथे पवित्र आठवड्यात लूकच्या पापी स्त्रीवर नवव्या शतकातलं, कासिया नावाच्या जोगिणीने रचलेलं स्तोत्र आजही गातात, आणि मग्दालीयेचा मान वेगळा राहतो. पश्चिमेत 1517 मध्ये लफेव्र नावाच्या फ्रेंच पंडिताने या तीन वेगळ्या स्त्रिया आहेत असं लिहिलं, तेव्हा पॅरिसच्या धर्मपंडितांनी 1521 मध्ये त्याचं मत धिक्कारलं. कॅथलिक चर्चने 1969 च्या नव्या दिनदर्शिकेत ही गल्लत दुरुस्त केली. 22 जुलैला, मग्दालीयेच्या सणाला, पूर्वी लूकचा हाच भाग वाचत, आता योहानाचा विसावा अध्याय वाचतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवसाचा दर्जा वाढवला. तेव्हा सभेत कोणी कॅथलिक मैत्रीण आली असेल तर तिलाही हे निर्धास्त सांगा.

चुकीची किंमत काय पडली तेही सांगायला हवं. लंडनमध्ये 1758 मध्ये वेश्याव्यवसायातून सुटू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी संस्था निघाली, तिचं नाव मॅग्डालेन. पुढे आयर्लंडमध्ये त्याच नावाच्या धोबीखान्यांत मुलींना कोंडून राबवलं गेलं. शेवटचा 1996 मध्ये बंद झाला. जी पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार, तिचं नाव डागाळलेल्या बाईचा शिक्का म्हणून वापरलं गेलं.

आणि लूकच्या स्त्रीचं तरी पाप कोणतं? इथे मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवतो. लूक तिला ‘हामार्तोलोस’ म्हणतो, पापी. हाच शब्द पाचव्या अध्यायात पेत्र स्वतःसाठी वापरतो: प्रभू, मी पापी माणूस आहे, माझ्यापासून जा. पेत्राच्या तोंडी तो शब्द आला की आपण त्याचं पाप कोणतं ते विचारत नाही. बाईसाठी आला की लगेच एकच अर्थ काढतो. वेश्येसाठी लूककडे वेगळा शब्द आहे आणि तो त्याला वापरताही येतो. पंधराव्या अध्यायात थोरला भाऊ धाकट्याला बोल लावतो तेव्हा तो वापरला आहे, आपल्या बायबलात तिथे ‘कसबिणी’ आहे. सातव्या अध्यायात लूकने तो वापरलेला नाही. ती तशी असेलही. पण ते आपण लावलेलं आहे, त्याने लिहिलेलं नाही.

शिकवताना अजून एक गोष्ट कामाला येईल. आपल्या भाषांतरात येशू ‘जेवायला बसला’ असं आहे. ऐकणाऱ्या बायका मांडी घालून पाटावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणतात, आणि मग ती मागे उभी राहून पायांपाशी कशी रडली हे काही केल्या जमत नाही. मूळ शब्दाचा अर्थ टेकून आडवं होणं. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून, तोंड ताटाकडे आणि पाय मागे पसरून जेवत. वहाणा काढलेल्या, धुळीचे पाय बाहेरच्या बाजूला, कारण शिमोनाने ते धुवायला पाणीच दिलेलं नव्हतं. ती थेट त्या न धुतलेल्या पायांपाशी येते. एका सतरंजीवर कोणाला तरी तसं रेलायला सांगा. दोन मिनिटांत सगळं उलगडतं.

तिचं नाव का नाही, याचं उत्तर मला एका खेड्यात मिळालं. नेवासे तालुक्यातली एक वस्ती, संध्याकाळचा वर्ग, कंदिलाची वेळ. मी असाच तीन स्त्रियांचा फरक समजावत होतो. एक म्हातारी मावशी, लिहितावाचता न येणारी, मधेच म्हणाली, “गुरुजी, नाव नाही लिहिलं ते चांगलंच केलं त्यानं. तिला त्याच गावात पुन्हा पाणी भरायला जायचं होतं.” मी बराच वेळ काही बोललो नाही. जर्मन अभ्यासक गेर्ड थाइसन यांनी येशूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतातल्या बेनाव माणसांबद्दल असाच विचार मांडला आहे: जो तलवार चालवतो त्याचं नाव मार्क सांगत नाही, कारण ते सांगितलं गेलं तेव्हा त्याच्या जिवाला धोका होता. योहान पुष्कळ नंतर लिहितो, तोवर ते झाकायची गरज उरलेली नव्हती. लूकच्या स्त्रीला हे लागू होतंच असं मी सिद्ध करू शकत नाही. पण मावशींचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात सांगतो.

बेनाव राहिल्याने ती स्त्री कमी पडत नाही, याला आपल्याच घरचा दाखला आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा वाट चुकलेल्या स्त्रियांची मायेने काळजी घेणाऱ्या जोगिणींना त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका जोगिणीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ती गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या शोमरोनी बाईचंही नाव शास्त्रात नाही.

तर सभेत असं करून पाहा. भाग वाचायच्या आधी कोणाचंही नाव घेऊ नका. एकीला 7:36 पासून 50 पर्यंत मोठ्याने वाचू द्या आणि बायबल मिटायला सांगा. मग विचारा: तिचं नाव काय? बहुतेक जणी मग्दालीया म्हणतील. कोणालाही चूक म्हणू नका, फक्त म्हणा, कुठल्या वचनात आहे ते दाखवा. बायबल पुन्हा उघडतील, बोटं ओळींवरून फिरतील, आणि शोधता शोधता 44 व्या वचनापाशी कोणीतरी थांबेल, जिथे येशू तिच्याकडे वळून शिमोनाला विचारतो, ही बाई तुला दिसते ना? तिथे त्यांना हवा तेवढा वेळ द्या. आठव्या अध्यायाकडे त्या दिवशी जाऊच नका, मग्दालीयेसाठी पुनरुत्थानाच्या रविवारनंतरची सभा राखून ठेवा. आणि आजी अजून असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेली ती मोकळ्या केसांची, रडणारी बाई खरीच आहे, तिला दिलेलं नाव तेवढं दुसरीचं होतं.